माझ्यावर तीनच खाचा

मी एक कामटी आहे. बांबूची, वीतभर लांब, तुमच्या करंगळीएवढी रुंद. आधी आख्खी होते, मग अर्धी झाले, आता दोन अर्ध्यांची एक होऊन सुतळीने बांधलेली आहे. लिहिता-वाचता मला येत नाही. माझे मालक गुलाबराव, त्यांनाही येत नाही, म्हणून आमचं दोघांचं बरं जमतं. मी सावकाश सांगणार आहे. घाईत असाल तर कामं उरकून या, मी इथेच खुंटीला टांगलेली आहे.

माझा जन्म विहिरीमागच्या बांबूच्या बेटातला. गुलाबराव दर हिवाळ्यात एक जून बांबू तोडतात, कोयत्याने त्याच्या कामट्या पाडतात आणि जुडी बांधून शेडच्या आढ्याला टांगतात. ओल्या कामटीवर खाच नीट बसत नाही म्हणे. दोन वर्षं मी तिथे वाळत होते. टांगलेल्या जिवाला काम नसतं, आणि बिनकामाच्या जिवाला दुसऱ्याच्या घरात काय चाललंय ते फार बारीक दिसतं. माणसांचंही तसंच आहे, मी पाहिलंय.

रिठदच्या रस्त्याला गुलाबरावांची रोपांची नर्सरी आहे. वांगी, मिरची, टमाटे, कोबी, थोडा झेंडू. आणि तिथली रीत अशी, की समजा तुम्ही तिसऱ्या वाफ्यातली वांग्याची रोपं घेतली, तर गुलाबराव एक कामटी काढतात, तिच्यावर आडव्या तीन खाचा पाडतात आणि तापलेल्या सळईने एक काळा चटका देतात. तीन खाचा म्हणजे तिसरा वाफा, चटका म्हणजे वांगं. मिरचीच्या कामटीला चटका नाही, तो ती स्वतःच देते. मग कोयता मधोमध ठेवून कामटी उभी फोडायची. अर्धी तुमची, अर्धी त्यांची. रोप बिघडलं तर तुमची अर्धी घेऊन या, दोन्ही जुळल्या की नवी रोपं फुकट. नाव नाही, गाव नाही, सही नाही.

दोन बांबू सारखे फाटत नाहीत, त्यामुळे लबाडी चालत नाही. एकाने घरी बसून स्वतःच अर्धी कामटी कोरून आणली होती. गुलाबरावांनी ती जुळवून पाहिली, हसले, त्याला चहा पाजला. "मेहनत चांगली केली तुमी," म्हणाले. "एवढ्या वेळात वखराची एक पाळी झाली असती."

मग घरात सून आली. सुप्रिया. अकोल्यात जन्मलेली, तिथेच शिकलेली, हाताला कामसू, डोक्याने तल्लख. पहिल्याच उन्हाळ्यात तिने सासऱ्याला विचारलं, "मामाजी, मागच्या साली टमाट्याचं रोप किती फेकलं?"

"फेकलं बावा. दोन गाडे."

"काहून?"

"कोणी नेलं नाई."

"मंग कोण काय लावते हे लिहून ठेवलं असतं तं आपल्याले आधीच समजलं नसतं का?"

तिने वही घातली. नाव, गाव, कोणतं रोप. बस. पुढच्या साली टमाट्याचं एक रोप फेकावं लागलं नाही. हे मी कबूल करते. खोटं कशाला बोलू, मी काही माणूस नाही.

तिथेच थांबली असती तर मला इतकं बोलावं लागलं नसतं. पण वाशिमहून एक माणूस आला. गळ्यात पट्टा, पट्ट्याला त्याचाच फोटो. हरवला तर ओळखता यावा म्हणून असेल. तो म्हणाला, "मॅडम, माहिती म्हणजे सोनं. आज लागो न लागो, गोळा करून ठेवा." त्याने एक टॅब दिला आणि त्यात एक फॉर्म टाकून दिला. फॉर्म मुळात एका साडीच्या दुकानासाठी केलेला होता. बावीस प्रश्न. दोन मोबाईल नंबर, जन्मतारीख, लग्नाची तारीख, घरात माणसं किती, एकर किती, विहीर का बोअर, मोटर कितीची, आणि हो, आवडता रंग.

गुलाबराव वाफ्यात बसल्या बसल्या म्हणाले, "दाट पेरलं की रोप लंबुळकं होते, पोरी. इरळनी करा लागते."

"माहितीची कुठी इरळनी असते का, मामाजी?" सुप्रिया हसून म्हणाली. "आणि आता कामट्या बंद. टॅब हाय ना."

"बरं," गुलाबराव म्हणाले. आणि उठून गोठ्यामागे गेले, तिथे कामट्या फोडायला लागले. आमची जुडीही शेडमधून गोठ्याच्या वळचणीला आली. तिथून शेडही दिसायचं आणि गोठ्यामागचंही, म्हणजे माझी तर चैनच झाली.

मेडशीचा जगदेव एसटीने वांग्याची रोपं न्यायला यायचा. त्याला सुप्रियाने विचारलं, "आवडता रंग?"

"मी वांगे न्याले आलो का फेटा?"

"सांगा ना भाऊ, त्याच्याबिगर पुढचं पान उघडत नाई."

"जांभया लिव्हा. वांग्याचा." एवढ्यात रस्त्यावरून त्याची एसटी निघून गेली. जगदेव तिच्याकडे पाहत राहिला आणि म्हणाला, "आता नावडता रंगबी लिव्हा. लाल. एसटीचा."

आणि अमीनाबी. तिचं गावाच्या पल्याड अर्धा एकर वावर. नवरा गेल्यापासून ती एकटीच त्यात भाजी काढते आणि टोपलीने विकते. त्या अर्ध्या एकराशिवाय तिला दुसरं काही नाही. तिने बारा प्रश्न सोसले. तेरावा आला, "चाची, लग्नाची तारीख?"

"या अल्ला! माझ्या शादीची तारीख माझ्या मियाँले कधी याद नव्हती. तुले कायले पाह्यजे?"

"निरोप पाठवाले. शुभेच्छेचा."

"अच्छा. मंग नंबर लिव्ह." आणि तिने मोठ्या प्रेमाने, एकेक आकडा थांबून थांबून, सुप्रियाला मोबाईल नंबर सांगितला. मग गोठ्यामागे येऊन गुलाबरावांकडे पाहत एक डोळा बारीक केला. त्या दहा आकड्यांतले किती खरे होते, ते तेव्हाच मला कळलं.

आता एक जुलैची गंमत ऐका. सुप्रियाने ठरवलं, ज्याचा वाढदिवस असेल त्याला झेंडूची दहा रोपं फुकट. टॅब आपोआप निरोप धाडणार. बिचारीला एक गोष्ट ठाऊक नव्हती. आमच्याकडच्या जुन्या माणसांची जन्मतारीख कोणी लिहून ठेवलेली नसते. शाळेत घालायच्या दिवशी गुरुजी पोराचा हात डोक्यावरून पलीकडच्या कानाला लावायला सांगायचे. लागला कान, झालं पोरगं सहा वर्षांचं. मग गुरुजी सगळ्यांची एकच तारीख टाकायचे, एक जुलै. आख्खी पिढीच्या पिढी एकाच दिवशी जन्मलेली.

त्या दिवशी सकाळी सातला रस्त्यावर मोटारसायकली उभ्या. काठी टेकत म्हातारे, नातवाच्या मागे बसून म्हाताऱ्या, सगळे नटून. कोणीतरी पेढेही आणले होते.

"आजी, तुमचा खरंच आज वाढदिवस?" सुप्रियाने रडवेल्या आवाजात विचारलं.

"सरकारातबी आजच हाय, बाई. सरकारापेक्षा तुह्यं खरं का?"

नऊ वाजेपर्यंत झेंडू संपला. गुलाबराव इतके हसले की त्यांना पाण्याच्या टाकीला टेकून बसावं लागलं. सुप्रिया दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही.

पण नंतरचं हसण्यासारखं नव्हतं. धनजच्या एका माणसाला लग्नाच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा गेल्या, जोडीच्या नावाने. त्याची बायको जाऊन तीन वर्षं झाली होती. तो पुन्हा नर्सरीत आला नाही. मग लोकांना मोटरी विकणाऱ्यांचे फोन यायला लागले. "काका, तुमची तीनची मोटर जुनी झाली असंल ना?" लोक चहाच्या टपरीवर एकमेकांना विचारायचे, "माह्यी मोटर तीनची हाय हे त्याले कोणं सांगतलं?" सुप्रियाने कुणाला सांगितलं नव्हतं. पण टॅबमधलं वाशिमच्या त्या माणसालाही दिसत होतं आणि त्याच्याकडून पुढे जात होतं, हे तिच्या लक्षात आलं नव्हतं. लोकांनी काय केलं? भांडले नाहीत. आमच्याकडचा माणूस भांडत नाही, गुपचूप दार लावून घेतो. एकेकाने नर्सरीचा नंबर ब्लॉक करून टाकला.

जुलैच्या मध्यात माझी पाळी आली. तीन खाचा, एक चटका, आणि मधोमध कोयता. फुटताना दुखतं का, असं विचाराल. आवाज जास्त होतो. माझी अर्धी अमीनाबीने बटव्यात टाकली, रोपांची जुडी टोपलीत ठेवली आणि ती गेली. मी खुंटीवर.

दोन दिवस भुरभुर चालू होती. वावरात चिखल, त्यामुळे लोकांनी रोपं ओल्या पोत्यात ठेवली असणार. तिसऱ्या दिवशी लख्ख ऊन पडलं. दुपारी गुलाबराव तिसऱ्या वाफ्यापाशी गेले आणि तिथेच उभे राहिले. उरलेली रोपं हिरवीगार होती, पण माना टाकून. त्यांनी एक उपटलं, खोड कापलं, काचेच्या गिलासात पाणी घेऊन बुडवून धरलं. थोड्या वेळात खोडातून दुधासारखा एक बारीक धागा पाण्यात उतरला.

"मर," ते म्हणाले. "नाल्याचं पाणी शिरलं होतं या वाफ्यात."

मर म्हणजे काय ते सांगते. रोप मरतं ते मरतंच, पण रोग मातीत राहतो. त्या मातीत मग वांगं नाही, मिरची नाही, टमाटे नाहीत, कितीक वर्षं. गुलाबरावांनी आमची जुडी काढली, बोटाने खाचा चाचपत तीन खाचांच्या वेगळ्या केल्या. अकरा निघाल्या.

"अकरा जणायच्या वावरात जाईन हे," ते म्हणाले. "आज ऊन पडलं. उद्या वापसा येते, चिखल सुकते, उद्या सकाळी सगळे लागवडीले बसतीन." चाळीस वर्षांत मी त्यांना इतकं खचलेलं कधी पाहिलं नव्हतं. म्हणजे मी दोनच वर्षं पाहिलं, पण बेटातल्या जुन्या बांबूंनीही सांगितलं असतं.

"घाबरू नका मामाजी," सुप्रिया म्हणाली. तिला गोठ्यामागच्या कामट्यांचं तेव्हा कळलं, पण ती त्यावर एक शब्द बोलली नाही. हे मी तिच्या खात्यात चांगलं म्हणून धरलं. "सगळ्यायचे नंबर हायेत."

टॅब उघडला. त्या दोन दिवसांत वांगी नेलेले चाळीस जण. त्यांची मोटर कितीची ते होतं, रंग कोणता ते होतं. रोप कोणत्या वाफ्यातलं, हे बावीस प्रश्नांत कुठेच नव्हतं. आमच्यावर वाफा होता, माणूस नव्हता. टॅबमध्ये माणूस होता, वाफा नव्हता.

तिने चाळिसांनाही फोन लावायला घेतले. लागेनात. नवऱ्याच्या, हर्षलच्या फोनवरून लावले, तर मोटरवाल्यांच्या धास्तीने अनोळखी नंबर कोणी उचलेना. अमीनाबीचा अकोल्याच्या एका वकिलाला लागला. तो म्हणाला, "मी वांगी खातही नाही." पंचविसावाही कोणी उचलला नाही.

सव्विसावा उचलला गेला. जगदेव. "मीबी ब्लॉक केलं असतं तुमाले," तो म्हणाला, "पण मले ते येत नाई. नात करून देते, तं ते मामाच्या गावाले गेली."

"भाऊ, रोप लावलं का? कामटी पाहा बरं, खाचा किती?"

"कामटी बुढीनं चुलीत घातली. तीन होत्या... का चार? आताच सऱ्या पाडून राह्यलो मी."

"लावू नका! जाळा सगळं. नवं देतो."

गुलाबरावांनी फोनकडे आणि मग आमच्याकडे पाहिलं. त्यांना कळलं होतं, ते कितीही ओरडले असते तरी मेडशीपर्यंत आवाज पोचला नसता.

त्याच दिवशी रिठदचा बाजार. हर्षलने टेम्पोवर भोंगा बांधला आणि गुलाबराव पुढे बसून स्वतः बोलले, त्यांच्या सावकाश आवाजात. "ज्यायच्या कामटीले तीन खाचा अन् एक चटका, त्यायनं रोप लावू नका. मर हाय. कामटी घेऊन या, नवं रोप घेऊन जा. नाव नाई इचारत, तारीख नाई इचारत."

पाच मिनिटांत बाजारात सगळे स्वतःला चाचपत होते. टोप्यांतून, पिशव्यांतून, कानावरच्या बिडीमागून कामट्या निघाल्या. एकाच्या बायकोने तर तिची उवा काढायची फणी केली होती, पण खाचा शाबूत होत्या. संध्याकाळपर्यंत नऊ जुळल्या. जगदेवची चुलीत गेली तीही तीन खाचांचीच, ती धरून दहा.

उरले मी.

मला माहीत होतं, माझी जोडी कुठे आहे. पण कामटीला तोंड कुठे? गुलाबराव अंगठा माझ्या खाचांवरून फिरवत आठवत बसले. आठवेना. सुप्रिया यादी पुन्हा पुन्हा खालीवर करत होती. मग ती एकदम थांबली. "मामाजी, नंबर खोटे दिले असतीन लोकायनं. गाव तं खोटं नाई ना? जेवढे राह्यले त्यायच्या दारोदार जाऊ. पहाटेच."

उजाडता उजाडता आम्ही निघालो. ती मोटारसायकल चालवत, गुलाबराव मागे, मी त्यांच्या बंडीच्या खिशात. चार घरं झाली. पाचवं अमीनाबीचं, दाराला कडी. वावर मागेच. धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, दिसलं, ती वाकलेली, एक ओळ लावून झालेली, दुसरीचं पहिलं रोप हातात.

"भाबी!" गुलाबराव ओरडले. त्यांना ओरडताना मी पहिल्यांदाच ऐकलं. "हात थांबव! कामटी काढ!"

तिने चिखलाच्या हाताने बटवा उघडला. सुपारी, किल्ली, आणि माझी अर्धी. गुलाबरावांनी आम्हा दोघींना एकमेकींना लावलं. खट्ट. खाचेला खाच.

"मर हाय यात, भाबी," ते म्हणाले. मग तिघंही त्या ओळीत उतरले. एकेक रोप मातीच्या ढेकळासकट काढून पत्र्याच्या डब्यात टाकलं आणि धुऱ्यापलीकडे जाळलं. तेवढ्या पट्ट्यात आता मका. अर्ध्या एकरातलं बाकीचं वावर वाचलं.

"हे तं कालच समजलं असतं मले," अमीनाबी चहा गाळताना म्हणाली. "नंबर खोटा दिला मी. माझीच गलती."

"मी शादीची तारीख इचारली, म्हणून दिला तुमी," सुप्रिया म्हणाली. तिने टॅब मांडीवर घेतला आणि एकेक प्रश्न पुसायला लागली. लग्न गेलं, रंग गेला, मोटर गेली. मग बोट थांबलं. "मामाजी, सगळं काढलं अन् उद्या त्यातलंच एखांदं लागलं तं?"

"लागन ना. एखांद्या टायमाले लागनच," गुलाबराव बशीत फुंकर घालत म्हणाले. "तवा इचारू. माणूस काय पयून चालला? पण नाव, गाव, अन् रोप कोणतं, हे राहू दे. टमाटे फेका नाई लागले. फोन राहू दे. जगदेव फोननं वाचला, माह्या कामटीनं नाई. अन् एक वाढव, वाफा कोणता."

झाले पाच. सहावा उरलाच नाही.

"चाची, आता खरा नंबर द्या," सुप्रिया म्हणाली. अमीनाबीने दिला, भराभर, न थांबता. सुप्रियाने तिच्यासमोर लावून पाहिला. बटव्यातला फोन वाजला तेव्हा दोघी हसल्या.

त्या दिवसापासून गुलाबराव कामट्या शेडमध्येच फोडतात, सगळ्यांसमोर, आणि सुप्रिया खाचा मोजून वाफा लिहिते. धनजच्या त्या माणसाकडे ती स्वतः जाऊन आली. काय बोलली, मला माहीत नाही, मी सोबत नव्हते. आम्हा दोघी अर्ध्यांना गुलाबरावांनी सुतळीने बांधून खुंटीला लावलं, आठवण म्हणून. तुम्हीही कुठे गल्ल्यावर, टेबलामागे बसून माणसांना विचारत असाल, तर विचारा बाबांनो, विचारल्याशिवाय काही भागत नाही. फक्त आपल्या वाफ्यापुरतं विचारा.

एक सांगायचं राहिलं. त्या सकाळी चहा संपल्यावर अमीनाबी उगाच पदर सावरत बसली होती. मग म्हणाली, "शादीची तारीख सांगू का?"

सुप्रियाने टॅब चटईवर उलटा ठेवला. "सांगा. पण मी लिहीत नाई."

अमीनाबीने तारीख सांगितली. वार सांगितला, त्या दिवशी वरातीतला घोडा कसा उधळला आणि मियाँ कोणाच्या उकिरड्यावर जाऊन पडले, तेही सांगितलं. तिघंही डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. बंडीच्या खिशातून मी सगळं ऐकलं.

तारीख मला पाठ आहे. पण तुम्ही मला कितीही उलटून पाहा, माझ्यावर तीनच खाचा आहेत.